खिशांत मावणारा डोळा

दूरदेशीं असलेल्या माणसाचा आवाज ऐकतांना त्याचें मुखही दिसावें, ही इच्छा जवळजवळ टेलिफोनाइतकीच जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८७६ सालीं टेलिफोन सिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८७८ च्या डिसेंबरांत, लंडनच्या ‘पंच’ ह्या विनोदी पत्राच्या वार्षिक अंकांत जॉर्ज द्यू मोरिए ह्या चित्रकारानें एक व्यंगचित्र काढलें. लंडनमधील आईबाप आपल्या शेकोटीवरील पडद्यांत सिलोनांतल्या मुलीला पाहत आहेत आणि तिच्याशीं बोलत आहेत, असा त्यांतील देखावा. चित्र विनोदाचें होतें. त्यामागील आईबापांची ओढ मात्र विनोदाची नव्हती. ती पुरविणारें साधन सामान्य घरांत येण्यास पुढें सव्वाशें वर्षें लागलीं. एवढा विलंब कां लागला हें ध्यानांत घेतलें, म्हणजे आज बाजारांत छोटा वेबकॅम निवडतांना काय पाहावें, ह्याचाही उलगडा होतो.

पहिला मोठा प्रयोग अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें ७ एप्रिल १९२७ रोजीं केला. त्या वेळचे व्यापारमंत्री व पुढें १९२९ सालीं राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर वॉशिंग्टनहून बोलले आणि न्यूयॉर्क येथें जमलेल्या मंडळींना त्यांचा चेहरा दिसला. परंतु हूव्हर यांना न्यूयॉर्कचें कोणीच दिसत नव्हतें. आवाज दोन्ही बाजूंनीं, दर्शन एकाच बाजूनें, असा तो प्रकार होता. १९३० सालीं ही उणीव भरून निघाली. न्यूयॉर्कमधील दोन इमारतींत एकेक कोठडी उभारून परस्परांना पाहत बोलण्याची सोय करण्यांत आली. प्रयोग यशस्वी झाला, पण तो प्रयोगच राहिला.

जनतेसाठीं अशी सेवा जर्मनीच्या टपालखात्यानें १ मार्च १९३६ रोजीं बर्लिन व लाइप्झिग ह्या शहरांच्या दरम्यान सुरू केली. तीन मिनिटांस साडेतीन मार्क पडत. बोलणाऱ्या दोघांनींही ठरल्या वेळीं आपापल्या शहरांतील टपालखात्याच्या कोठडींत हजर राहावें लागे. एकाला उशीर झाला, कीं दुसऱ्याचा हेलपाटा ठरलेला. महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, ती सेवा बंद पडली.

युद्धानंतर अमेरिकन टेलिफोन कंपनीनें ‘पिक्चरफोन’ नांवाचें यंत्र तयार करून १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत मांडलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व शिकागो येथें सार्वजनिक कोठड्या उघडल्या. तेथें तीन मिनिटांच्या भेटीचा दर अंतराप्रमाणें १६ ते २७ डॉलर होता. पुढें १९७० सालीं पिट्सबर्ग शहरांत हें यंत्र प्रत्यक्ष कचेऱ्यांत बसविण्यास आरंभ झाला. महिन्याचें भाडें १६० डॉलर. त्यांत केवळ अर्ध्या तासाचें संभाषण मिळे. यंत्र चांगलें होतें, तरी ग्राहक फारसे मिळाले नाहींत. कारण उघड होतें. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याकडेही तेंच महागडें यंत्र असल्यावांचून आपल्या यंत्राचा उपयोग नाहीं. शिवाय टेलिफोनची घंटा वाजतांच आपण आहों त्या वेषांत परक्याच्या नजरेस पडावें, हें पुष्कळांना रुचलें नाहीं. पाहण्याची हौस सर्वांना असते. पाहिले जाण्याची तयारी प्रत्येक वेळीं असतेच असें नाहीं.

श्रीमंत कंपन्यांना जें साधलें नाहीं, त्याची वाट एका कॉफीच्या भांड्यानें दाखविली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत सर्वांत मिळून कॉफीचें एकच भांडें असे. दूरच्या खोल्यांतील संशोधक जिने चढून येत आणि भांडें रिकामें पाहून परत जात. १९९१ सालीं क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेट्स्की यांनीं त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचें चित्र सर्वांच्या संगणकांवर दिसेल अशी योजना केली. चित्र करड्या छटांचें, आडवे १२८ व उभे १२८, म्हणजे अवघ्या १६,३८४ बिंदूंचें. १९९३ सालीं तें इंटरनेटवर आलें आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी न्याहाळूं लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजीं तो कॅमेरा बंद करण्यांत आला.

दरम्यान १९९४ सालीं कॅलिफोर्नियांतील कनेक्टिक्स कंपनीनें ‘क्विककॅम’ विक्रीस आणला. चेंडूसारखा वाटोळा, तळहातावर मावणारा, करड्या रंगाच्या सोळा छटा दाखविणारा हा कॅमेरा सुमारें शंभर डॉलरांस मिळे. पिट्सबर्गच्या यंत्राचें एका महिन्याचें भाडेंसुद्धा त्याहून अधिक होतें! त्याच दशकांत अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठीं लहान कॅमेरे घडवितांना एरिक फॉसम यांनीं प्रकाश टिपणारा जो नव्या जातीचा पट्टा विकसित केला, त्यामुळें पुढें असे डोळे अधिकच लहान व स्वस्त झाले. आरंभीं प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर त्याची निराळी तबकडी येई व ती संगणकांत चढवावी लागे. २००३ सालीं यूएसबी जोडणीच्या कॅमेऱ्यांसाठीं एक सामायिक नियमावली प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून हळूहळू कोणताही कॅमेरा कोणत्याही संगणकास लावावा आणि बोलूं लागावें, इतकी सुलभता आली.

भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं जनतेसाठीं इंटरनेट सुरू झालें. मुलगा कॅलिफोर्नियांत आणि आईबाप पुण्यांत, अशीं घरें मग वाढत गेलीं. ‘पंच’मधील तें व्यंगचित्र येथें उलट्या दिशेनें खरें झालें. प्रथम हे आईबाप सायबर कॅफेच्या फळीच्या खोपट्यांत ठरल्या वेळीं जाऊन बसत. लाइप्झिगच्या कोठडीचाच तो नवा अवतार होता. न्यायालयांनींही दूरदर्शनाचें हें बळ ओळखलें. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत अमेरिकेंतील डॉक्टराची साक्ष अशा साधनानें घेतां येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं दिला. पुढें २०२० च्या महामारींत शाळा, कचेरी, वैद्य आणि आप्त हे सारेच पडद्यावर भेटूं लागले. त्या वेळीं जगांतील दुकानांतून वेबकॅम दिसेनासे झाले होते.

ह्या सर्व इतिहासाचें सार एकच आहे. माणसाला यंत्रापर्यंत जावें लागत होतें, तोंवर ही विद्या रुजली नाहीं. यंत्र माणसापर्यंत आलें आणि रुजली. म्हणून प्रवासांत नेण्याजोगा वेबकॅम निवडतांना आधीं यंत्राकडे न पाहतां माणसाकडे पाहावें. तो कोणाच्या हातीं जाणार, कोणत्या खोलींत बसणार, आणि तेथें उजेड किती, हे पहिले प्रश्न होत.

विक्रेता प्रथम बिंदूंची संख्या सांगतो. १०८० जातीच्या चित्रांत २०,७३,६०० बिंदु असतात. ४के जातींत त्यांची चौपट. परंतु संभाषणाच्या वेळीं चित्र दाबून लहान केल्याखेरीज तें तारेंतून नीट जात नाहीं, त्यामुळें त्या चौपटीचा बराच भाग वाटेंतच गळतो. घरगुती भेटीस १०८० पुरेसें आहे. बिंदूंपेक्षां सेकंदास किती चित्रें येतात हें महत्त्वाचें; तीस असावींत. हातवाऱ्यांच्या भाषेंत बोलणाऱ्या मूकबधिरांना तर चित्र तुटक झाल्यास शब्दच हरवल्यासारखे होतात. अंधाऱ्या खोलींत कित्येक कॅमेरे उजेड गोळा करण्यासाठीं हा वेग आपोआप उतरवितात. म्हणून महाग कॅमेऱ्याआधीं खिडकीकडे तोंड करून बसावें. खिडकी पाठीमागें ठेवूं नये.

औषधाची चिठ्ठी किंवा नातवाची वही जवळून दाखवावयाची असेल, तर भिंग आपोआप जुळवून घेणारा कॅमेरा घ्यावा. केवळ बोलावयाचें असेल, तर स्थिर भिंगानेंही भागतें. एकट्यास सुमारें साठ अंशांचा कोन पुरतो, दोघांतिघांस ऐंशीच्या आसपास हवा. चिमटा पातळ पडद्यावरही घट्ट बसतो कीं नाहीं, खालीं तिपाईसाठीं आटे आहेत कीं नाहींत, तारेचें टोंक आपल्या संगणकाच्या भोकांत बसतें कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं हातानें तपासावें. आवाजाकडे दुर्लक्ष करूं नये. चित्र क्षणभर थांबलें तरी गोष्ट चालूं राहते, आवाज तुटला कीं भेटच मोडते. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आहे, त्यानें तोच वेबकॅमप्रमाणें वापरतां येतो का, हें आधीं पाहावें. २०२२ नंतरच्या कित्येक यंत्रांत ही सोय आहे.

शेवटीं, भिंगावर सरकणारें झांकण असावें. ही किरकोळ बाब नव्हे. पिक्चरफोनच्या ग्राहकांना जो संकोच वाटला, त्याचें तें बोटभर उत्तर आहे. दर्शन देण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हातीं असला, तरच दर्शनांत गोडी राहते. आणि हा डोळा पडद्याच्या वरच्या कडेस, आपल्या नजरेच्या उंचीवर बसवावा, व बोलतांना अधूनमधून त्याच्याकडे पाहावें. पलीकडे बसलेल्या आईला तेवढ्यानें वाटतें, कीं मुलगा आपल्याकडे पाहून बोलला.