दोन बोंडअळ्या

वर्तमानपत्रात 'बोंडअळी' वाचले की शहरातल्या माणसाला वाटते, अळी एकच. पण कापसाला छळणाऱ्या दोन मोठ्या बोंडअळ्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत.

पहिली हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी. नाव अमेरिकन, पण कीड जुन्या जगातलीच. ही उघड दरोडेखोर. अर्धे शरीर बाहेर ठेवून बोंड खाते आणि दुसऱ्या बोंडाकडे वळते. तूर, टोमॅटो, हरभरा, काहीही चालते. हरभऱ्यावर आपण तिलाच घाटेअळी म्हणतो. १९८७-८८ साली आंध्रात गुंटूर, प्रकाशम भागात ती फवारण्यांना बधली नाही. कर्जात बुडालेल्या कितीतरी कापूस उत्पादकांनी तेव्हा जीव दिला.

दुसरी गुलाबी. ही घरभेदी. कोवळ्या बोंडात शिरली की मागचे छिद्र बुजून जाते. बोंड फुटेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता नसतो. तिचे मुख्य अन्न एकच, कापूस.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि हिरवीचा जोर ओसरला. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. मात्र गुजरातेतील गुलाबी अळीने पहिले जनुक पचवल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ साली तर विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांच्या कपाशीचीही बोंडे किडली.

सर्वभक्षी हरली आणि एकाच पिकावर जगणारी जिंकली, हे कसे? हिरवीचे सोयरे तुरी-हरभऱ्यावर बीटीशी संबंध न येता वाढत होते. त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत राहिली. गुलाबीला बीटी कपाशीखेरीज फारसे काही उरलेच नव्हते. त्यातून वाचली, तिचाच वंश वाढला. याचसाठी पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येई. पुष्कळांनी ती लावलीच नाही. फरदड लांबली, पऱ्हाटीचे ढीग तसेच पडून राहिले आणि अळीची पुढच्या हंगामापर्यंत सोय झाली.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण हातात पैसा नसताना आणखी एका वेचणीचा मोह कोणाला सुटेल? अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बीटी, वंध्य पतंग सोडणे, पऱ्हाटी वेळेत गाडणे, हे सारे तिथे सर्वांनी मिळून, वर्षानुवर्षे केले. एकट्याने आपले रान स्वच्छ ठेवून भागत नाही, शेजारच्या धुऱ्यावरून पतंग येतोच. बियाणे दुकानात विकत मिळते. गावाची एकी मात्र गावालाच पेरावी लागते.