पहिला ट्रॅक्टर आणि मक्याचा हिशेब

सन १९२२ च्या जानेवारींत हेन्री फोर्ड यांनीं आपल्या 'फोर्डसन' ट्रॅक्टरची किंमत ६२५ डॉलरांवरून एकदम ३९५ डॉलरांवर आणिली. अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासांत या घटनेस मोठें स्थान मिळालें आहे. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीचे सूत्रधार अलेक्झांडर लेग यांनीं लागलीच आपल्या ट्रॅक्टरांच्या किंमती उतरविल्या आणि वर नांगर फुकट देऊं केला. जनरल मोटर्सनें तर कोट्यवधि डॉलरांचा तोटा सोसून त्याच सुमारास हा धंदाच सोडून दिला. या मल्लयुद्धाचें वर्णन इतिहासकारांनीं मोठ्या आवडीनें केलें आहे, आणि त्याचा शेवट बहुधा असा असतो कीं, झुंजींत खरा विजयी झाला तो लहान शेतकरी. कारण बड्या जमीनदाराच्या शेतावरच दिसणारें यंत्र आतां त्याच्याही आटोक्यांत आलें. हा निष्कर्ष विक्रेत्याच्या दुकानांत बसून काढलेला आहे. तोच हिशेब आयोवा प्रांतांतील ऐशीं एकरांच्या धन्याच्या अंगणांत बसून केला, तर आंकडे निराळे पडतात.

ऐशीं एकरांच्या धन्यास लहान शेतकरी म्हटलेलें पाहून आपल्याकडील वाचकांस हंसूं येईल. परंतु १९२० च्या शिरगणतींत अमेरिकेंतील शेताचें सरासरी क्षेत्र १४८ एकर भरलें होतें, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

ट्रॅक्टर येण्यापूर्वीं या शेतकऱ्याचें सारें ओढकाम घरच्या जनावरांवर चाले. तबेल्यांत चार-पांच घोडे असत. घोडी व्याली कीं पुढच्या पिढीची सोय होई. एका घोड्यास वर्षभर पोसावयाचें म्हणजे सुमारें पांच एकरांचा दाणा व वैरण लागे. तेव्हां ऐशींपैकीं वीस-पंचवीस एकर घोडेच खात. सबंध देशाचा विचार केला तर १९२० च्या सुमारास घोडे व खेचरें यांच्या पोटापायीं सुमारें नऊ कोटि एकर जमीन, म्हणजे पिकाखालील क्षेत्राचा चौथा हिस्सा, गुंतून पडली होती. ही खादाडी डोळ्यांत भरण्याजोगी खरी. पण तिच्यासाठीं खिशांतून रोकड काढावी लागत नसे. बैलांस घरचा कडबा घालणाऱ्या आपल्या कुणब्यास यांतलें मर्म समजावून सांगावयास नको. ट्रॅक्टरास मात्र शेतांत पिकलेलें कांहींच चालत नाहीं. त्याचें रॉकेल, त्याचें वंगण, त्याचे सुटे भाग, सर्व रोख पैशानें आणावें लागतें, आणि रोख पैसा मिळवावयाचा तर धान्य विकावें लागतें. म्हणून त्याची किंमत डॉलरांत न मोजतां मक्यांत मोजणें हेंच न्याय्य.

फोर्डसनचा कारखाना १९१७ च्या ऑक्टोबरांत सुरू झाला. पहिले कित्येक हजार ट्रॅक्टर युद्धांत गुंतलेल्या ब्रिटनकडे गेले. अमेरिकन शेतकऱ्यास तो १९१८ पासून मिळूं लागला. त्या वर्षीं त्याची किंमत सुमारें ७५० डॉलर होती, आणि मक्यास बुशेलमागें सुमारें दीड डॉलर भाव होता. (मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड.) पांचशें बुशेल विकले कीं ट्रॅक्टर दारांत आला! एकरीं चाळीस बुशेल हा बरा उतारा धरला, तर साडेबारा एकरांचें पीक झालें. पुढें १९२० च्या उत्तरार्धांत धान्याचे भाव कोसळले. १९२१ चा मका बाजारांत आला तेव्हां त्यास ५२ सेंटांच्या आसपास भाव मिळाला. कोळशापेक्षां मकाच स्वस्त पडतो म्हणून त्या हिंवाळ्यांत कित्येक घरीं चुलींत मका जाळण्यांत आला. आणि याच हिंवाळ्यांत फोर्ड यांनीं आपली सुप्रसिद्ध घट जाहीर केली! बावन्न सेंटांच्या भावानें ३९५ डॉलर म्हणजे जवळजवळ ७६० बुशेल, अर्थात् एकोणीस एकरांचें पीक. डॉलरांत किंमत निम्म्यावर आली, मक्यांत ती दीडपट झाली. शिवाय ही किंमत कारखान्याच्या दारांतली. आगगाडीचें भाडें निराळें, आणि ज्या नांगरासाठीं हा सारा खटाटोप, तोही निराळा.

असें असून १९२३ या एका सालांत एक लाखाहून अधिक फोर्डसन तयार झाले, हें कसें? शेतकरी मूर्ख होता असें म्हणण्याची मजल मी मारणार नाहीं. दोन घोडे एका फाळानें दिवसाला जेमतेम दोन एकर नांगरीत. वसंतांत पाऊस लांबला कीं पेरणीचे मोजके दिवस हातचे जात. घरचीं तरुण मुलें कारखान्यांच्या गांवीं जाऊं लागलीं होतीं, आणि गडी महाग झाला होता. घोडे गेले तर वीस एकर विक्रीच्या पिकास मोकळे होतील, हा हिशेब तर कोणासही सुचण्याजोगा होता. दुर्दैवानें तो फोर्डसनच्या बाबतींत खरा ठरला नाहीं, कारण घोडे गेलेच नाहींत. हा ट्रॅक्टर ठेंगणा होता. नांगरट उत्तम करी, पण उभ्या मक्याच्या ओळींतून कोळपणी करणें त्याच्या हातचें नव्हतें. तें काम घोड्यांसच करावें लागे. पांचांपैकीं दोन घोडे विकले तरी तीन राहिले. एकाच शेतानें दाणा मागणारें तोंडही पोसावयाचें आणि रॉकेल मागणारेंही. १९१९ सालीं स्थापन झालेली 'हॉर्स असोसिएशन ऑफ अमेरिका' ही संस्था ट्रॅक्टरविरुद्ध मोठा प्रचार करी. तिच्या प्रचारांत स्वार्थ होता, पण एवढ्यापुरतें तरी तिचें म्हणणें खोडून काढतां येत नाहीं. त्यांतून फोर्डसनचे स्वभावदोषही थोडे नव्हते. थंडींत तो सुरू करतांना हात मोडून येत. नांगर एखाद्या मुळांत अडकला तर पुढचीं चाकें उचलून यंत्र मागें चालकावर उलटे, आणि अशा अपघातांत कित्येकांचे प्राण गेले.

आतां पैसे कसे फेडले, हा प्रश्न. कापणीचीं यंत्रें विकणाऱ्या जुन्या कंपन्यांची रीत अशी होती कीं, कांहीं रक्कम आधीं घ्यावी व बाकी पीक निघाल्यावर. फोर्ड हे आपल्या विक्रेत्यांकडून मालाचे पैसे रोख घेत. म्हणून उधारीचें ओझें विक्रेत्यावर, आणि त्याच्याकडून गांवच्या बँकेवर पडे. परंतु मध्यवर्ती फेडरल रिझर्व्ह बँका शेतीचा जो कर्जरोखा स्वीकारीत, त्याची मुदत कायद्यानें सहा महिन्यांची. १९२३ सालीं ती नऊ झाली. अनेक वर्षें राबावयाचें यंत्र सहा महिन्यांच्या रोख्यावर घ्यावयाचें, म्हणजे दर हंगामास बँकवाल्याच्या दारीं जाऊन रोखा बदलून मागणें आलें. १९१६ च्या कायद्यान्वयें निघालेल्या फेडरल लँड बँका पांच ते चाळीस वर्षांच्या मुदतीनें, सहा टक्क्यांच्या आंत व्याजानें कर्ज देत, आणि अवजारें घेण्यासही तें चाले. मात्र तारण जमिनीचें! सहा महिने ते तीन वर्षें अशा मधल्या मुदतीच्या कर्जाची सोय सरकारनें १९२३ सालीं केली, ती किंमतींची झुंज होऊन गेल्यावर.

ज्यांनीं फेडलें, त्यांनीं पुष्कळदां मक्याच्या बाहेरच्या पैशानें फेडलें. शेजाऱ्यांच्या जमिनी भाड्यानें नांगरून दिल्या, ट्रॅक्टरच्या चाकास पट्टा जोडून लांकडें कापून दिलीं. ज्या शेजाऱ्यानें ट्रॅक्टर घेतला नाहीं, त्यानेंही त्याच्या किंमतीचा कांहीं वांटा असा उचललाच. घरांत बायकांच्या हातचा लोणी-अंड्यांचा पैसा किराण्याकडे जाई, म्हणून डुकरांचा पैसा हप्त्याकडे वळवितां येई. या बायकांचा वांटा किंमतयुद्धाच्या इतिहासांत कोठें आढळत नाहीं. आणि ज्यांच्यानें फेडवलें नाहीं त्यांचें काय झालें? १९२१ ते १९२९ या काळांत अमेरिकेंत पांच हजारांहून अधिक बँका बुडाल्या, त्यांतील बहुतेक लहान गांवांतल्या. बँक बुडाली कीं रोखा बदलून देणारा ओळखीचा मनुष्य नाहींसा होई, आणि वसुलीस परका अधिकारी येई.

कोळपणीचा प्रश्न सुटला तो स्वस्ताईनें नव्हे. हार्व्हेस्टर कंपनीनें १९२४ सालीं 'फार्मॉल' हा उंच धुऱ्याचा, पुढचीं चाकें जवळजवळ असलेला ट्रॅक्टर बाजारांत आणिला. त्याची किंमत फोर्डसनच्या जवळजवळ दुप्पट होती, तरी तो घेणाऱ्याचे घोडे खरोखर विकले जाऊं शकत. चार वर्षांनीं फोर्डसनचें उत्पादन अमेरिकेंत बंद पडून आयर्लंडांत कॉर्क येथें गेलें. लहान शेतासाठींच म्हणून बांधलेले ट्रॅक्टर याहून उशिरां आले: १९३८ त ॲलिस-चामर्सचा 'बी', आणि १९३९ त हॅरी फर्ग्युसन यांच्या योजनेचा फोर्ड, किंमत ५८५ डॉलर. मक्याचा भाव तेव्हांही साठ सेंटांच्या आंतच होता. म्हणजे या ट्रॅक्टरला हजाराच्या आसपास बुशेल पडत. परंतु आतां घोड्यांची वीस एकर वैरण खरोखरच मोकळी होत होती. ती मोकळी झालेली जमीन पुन्हां मका व गहू यांखालींच गेली, आणि आधींच पडलेल्या भावांवर तिचा भार पडला, असें अनेक अर्थशास्त्रज्ञांचें मत आहे.

१९२० सालीं अमेरिकन शेतांवर सुमारें २,४६,००० ट्रॅक्टर होते. १९३० सालीं ९,२०,०००. घोडे व खेचरें यांच्या संख्येस त्यांनीं मागें टाकलें तें मात्र १९५४ च्या सुमारास. १९६० नंतर तेथील कृषिखात्यानें शेतांवरील घोडे मोजणें सोडून दिलें.