तीस लाइनी आणि सहा जणांचं कुटुंब

'ट्रंक कॉल' हा शब्द आपल्या आई-बाबांच्या पिढीला पक्का ठाऊक. कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं! ट्रंक म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची लाइन. अशा किती लाइनी घ्यायच्या, याचं सूत्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांगने १९१७ साली मांडलं.

आपल्या पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतल्या ईपीएबीएक्सलाही तेच सूत्र. एका पीआरआय लाइनवर ३० कॉल. दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या तासातसुद्धा शंभरातला एकच कॉल एंगेज लागावा अशी अट घातली, तर एका वेळी सरासरी २० कॉल आरामात चालतात.

मग आला व्हिडिओ. बऱ्यापैकी चित्र हवं तर ३८४ केबीपीएस, म्हणजे ६४ चे सहा चॅनल. तीस भागिले सहा, पाच कॉल. सोप्पं? अजिबात नाही! फक्त पाच जागा असतील, तर त्याच अटीत सरासरी दीड कॉलही बसत नाही. मोठ्या गर्दीत चढउतार आपोआप सावरले जातात, पाचांत नाही.

त्यात चाकण. २००९ साली तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मनीत उन्हाळ्यात सकाळचे नऊ, तेव्हा आपल्याकडे साडेबारा. म्हणजे तिकडच्या लोकांशी बोलायचं तर सगळ्यांच्या मीटिंगा दुपारीच!

व्हॉइस आणि व्हिडिओ एकाच ट्रंकवर आले की आणखी गंमत. एसटीत पाच सीटा रिकाम्या आहेत आणि स्टॉपवर सहा जणांचं कुटुंब उभं आहे, सगळे एकत्रच जाणार म्हणून अडून. एकटे प्रवासी येतात, पटापट चढतात. कुटुंब तिथंच! हे मिश्र गणित १९८१ साली कॉफमन आणि रॉबर्ट्स यांनी, दोघांनी वेगवेगळं, सुटसुटीत करून दिलं.

उपाय म्हणजे राखीव जागा. सहापेक्षा कमी चॅनल उरले की साधा कॉलही घ्यायचा नाही. मग नकाराची शक्यता दोघांना सारखी. पण याचा अर्थ, लाइनी रिकाम्या असताना भोसरीच्या छोट्या सप्लायरला एंगेज टोन ऐकवायचा. त्याचा माल गेटवर अडकलेला असला तरी.

आता एसआयपी ट्रंक आल्या, चॅनलऐवजी एमबीपीएस मोजतो. आकडे सूत्र देतं. नकार कुणाला द्यायचा, हे मात्र आपणच ठरवतो. माझं मत विचाराल तर मीटिंग दहा मिनिटं थांबू शकते. सप्लायरचा फोन आधी लागू दे.