अंतऱ्यातली सही

हिंदुस्थानी संगीताला गायकांचा इतिहास आहे, रचनाकारांचा नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. संगीताचे रीतसर शिक्षण नसलेला मी, बंदिशींचे संग्रह केवळ वाचक म्हणून चाळत आलो आणि मला उलटेच दिसत गेले. रचनाकाराने आपले नाव लिहून ठेवलेले असते. ते गाण्याच्या पोटात, बहुधा अंतऱ्यात असते. त्यालाच ‘मुद्रा’ म्हणतात.

दिल्लीच्या मुहम्मदशहाची कारकीर्द १७१९ ते १७४८. त्याच्या दरबारातले बीनकार नियामतखाँ यांनी ‘सदारंग’ या मुद्रेने ख्याल रचले. अनेक ख्यालांत सदारंगाशेजारी बादशहाचेही नाव येते. रचना कोणाची आणि कोणाच्या आश्रयाने झाली, हे चार ओळींतच कळते. अर्थात ‘नामा म्हणे’ असलेला प्रत्येक अभंग जसा एकाच नामदेवांचा नसतो, तसा सदारंगाच्या नावाचा प्रत्येक ख्याल नियामतखाँचा मानता येत नाही. थोरामोठ्यांचे नाव आपल्या रचनेत घालण्याची रीत जुनीच आहे. मुद्रा म्हणजे निकाल नव्हे. पण शोधाची सुरुवात तिथूनच होते.

मुद्रांमधून नातीही उलगडतात. अत्रौलीचे मेहबूबखाँ ‘दरसपिया’, त्यांचे जावई आग्रा घराण्याचे फैयाजखाँ ‘प्रेमपिया’, त्याच घराण्याचे विलायत हुसेनखाँ ‘प्राणपिया’. विलायत हुसेनखाँचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ झाले आणि बुवांचे शिष्य चिं. रा. व्यास ‘गुणिजन’. घराण्याची वंशावळ वेगळी मांडायची गरजच काय?

मग ही नावे हरवली कशी? पहिले कारण तबकडी. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच गौहरजान यांनी इंग्रजीत आपले नाव सांगितले. तबकड्या जर्मनीत तयार होत. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. गायकाच्या नावाला अशी स्वतंत्र जागा मिळाली. रचनाकाराचे नाव मात्र अंतऱ्याच्या भरवशावरच राहिले, आणि तीनेक मिनिटांत अंतरा सावकाश मांडायला सवड कुठली?

दुसरे कारण आपल्या घरचे आहे. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवांनी फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तिघांकडून विद्या घेतलेली. त्या काळी नाट्यपदे पुष्कळदा जुन्या बंदिशींच्या चालींवर बांधली जात. चाल तीच राही, शब्द मराठी होत. आणि मूळ शब्द गेले की त्यांच्यासोबत मुद्राही जाई. नाट्यसंगीताने रागदारी घराघरांत पोचवली, हे ऋण मोठेच आहे. पण तेच सूर गुणगुणताना त्यांचा पहिला कर्ता आपल्या कानाआड झाला.

ही गळती थोपवण्याचे मोठे काम केले ते पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी. व्यवसायाने वकील असलेल्या या माणसाने उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. स्वराखाली शब्द असल्यामुळे मुद्राही टिकली. स्वतःच्या लक्षणगीतांत त्यांनी ‘चतुर’ ही मुद्रा वापरली. इतरांच्या सह्या जपणाऱ्याने आपली सहीही परंपरेच्या रीतीनेच केली.

आज मैफलीत निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, साथीदारांची नावे सांगतो. त्यात रचनाकाराचे नाव घ्यायला अर्धे मिनिटही लागणार नाही. गायकांकडे मागणे आणखी थोडे: स्थायीच्या आलापीत कितीही रमा, पण अंतऱ्याचे शब्द एकदा तरी स्पष्ट म्हणा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपले नाव सुरांच्या हवाली केले, ते पुढचा गाणारा ते उच्चारील या विश्वासावर. हा विश्वास पाळणे किंवा मोडणे आता आपल्याच हाती आहे.