खुंट्या एका बाजूला

१९३२ सालचं लॉस एंजेलिस. ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या कारखान्यात पाऊल टाकताच तुमचे कान किटतात. इथे पत्रा ठोकला जातो, साचे दाबले जातात. नॅशनल कंपनीच्या धातूच्या गिटारींची खोकी इथेच बनतात. ज्या जॉर्ज बीचम यांनी नॅशनल उभी केली, तेच आता तिथून बाहेर पडून रिकेनबॅकरांच्या जोडीला आलेत. ते तुमच्या हातात ॲल्युमिनियमचं एक ओतीव वाद्य ठेवतात. बुडाशी छोटी गोल चकती, पुढे लांब नेक. लोक त्याला ‘फ्राइंग पॅन’ म्हणतात. पोकळ खोकं नाहीच. नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांवर कमानीसारखे वाकलेत आणि आवाज त्यांच्याखालच्या गुंडाळीतून निघतो. ही मांडीवर आडवी घेऊन वाजवायची हवाईयन गिटार. गिटारवादक व्हॅन शिपली यांच्या धुनांच्या तबकड्या ऐकलेल्यांना हा हेलकावणारा सूर परका वाटणार नाही.

याच गोतावळ्यात क्लेटन कॉफमन हा गृहस्थ आहे. सगळे त्याला ‘डॉक’ म्हणतात. त्याने ‘व्हायब्रोला’ नावाचा एक दांडा शोधून काढलाय. तो हलवला की तारा सैल-ताठ होतात आणि सूर थरथरतो. त्याला लक्षात ठेवा, तो पुढे भेटणार आहे.

आता सोळा वर्षं पुढे या. शहराच्या दक्षिणेला डाउनी, १९४८. पॉल बिग्सबी हे मूळचे साचे घडवणारे कारागीर, मोटारसायकलींच्या शर्यतीचे शौकीन. कंट्री संगीतातले नावाजलेले गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले होते: कॉफमनचा व्हायब्रोला हलवला की गिटार बेसूर होते. बिग्सबींनी तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःचाच ॲल्युमिनियमचा दांडा ओतला. मग ट्रॅव्हिसनी कागदावर एक गिटार काढून दिली. ती आता तुमच्यासमोर आहे. मेपलच्या लाकडावर पाखराच्या डोळ्यांसारखे ठिपके, अंग पातळ, एका बाजूला खाच आणि सहाही खुंट्या हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारीच्या डोक्याच्या, एकाच कडेला. अंगठा आणि तर्जनीने त्या ओळीने पिळून बघा. हात पलटावा लागत नाही. ट्रॅव्हिसना हेच हवं होतं.

आता वादाच्या जागी चला. फुलर्टन इथून फार लांब नाही. १९५० मध्ये तिथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून ‘ब्रॉडकास्टर’ बाहेर पडते. तिच्याही सहा खुंट्या एका ओळीत. ट्रॅव्हिस म्हणत राहिले की माझी गिटार लिओंनी बघायला नेली होती. लिओंनी ते नाकारलं. त्यांच्या म्हणण्यानुसार ही कल्पना त्यांना क्रोएशियन वाद्यांवरून सुचली. कोण खरं, ते ठरवायला तुम्ही त्या खोलीत शिरू शकत नाही. पण शंभराहून जास्त वर्षं मागे जाऊन न्यूयॉर्कला डोकावू शकता. १८३३ साली जर्मनीहून आलेले सी. एफ. मार्टिन तिथे दुकान थाटून बसलेत आणि व्हिएन्नाच्या श्टाउफर यांच्या धाटणीच्या गिटारी घडवताहेत. वळणदार हेडस्टॉक, सहाही खुंट्या एका कडेला. म्हणजे चोर पकडायचाच, तर दोघांनाही एकाच ओळीत उभं करावं लागेल.

मला विचाराल तर हा वाद निम्माच आहे, कारण भांडणारे सगळे गिटारीचं डोकंच बघतात. फेंडरची गिटार उलटी करा. मागे पोलादी पट्टी आणि तिच्यात चार स्क्रू. ते काढले की नेक सुटून हातात येतो; खराब झाला तर नवा बसवायचा. बिग्सबींच्या गिटारीचा नेक मात्र अंगातून आरपार जातो, तिथे ही सोय नाही. ती तुम्हाला रिकेनबॅकरकडे १९३५ च्या बॅकेलाइटच्या गिटारीत दिसेल. त्या कंपनीशी संबंध असलेला डॉक कॉफमन, तोच तो व्हायब्रोलावाला, १९४५ च्या सुमारास लिओंचा भागीदार होता. हेडस्टॉकवरून शंभर भांडणं झाली, पण खरा वारसा त्या चार स्क्रूंत आहे असं मला वाटतं.

तेवढ्यात १९५१ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून ग्रेश कंपनीची तार येते: ‘ब्रॉडकास्टर’शी जुळणारं नाव आमच्या ड्रमना आहे, ते सोडा. फेंडरचे कामगार छापील चिकटपट्ट्यांवरचं नाव कात्रीने उडवतात आणि काही महिने गिटारी बिननावाच्याच जातात. पुढे ‘टेलिकास्टर’ ठरतं.

१९५४. पुन्हा रिकेनबॅकर, आता मालक बदललेत. नवे मालक एफ. सी. हॉल हे कालपरवापर्यंत फेंडरचा माल विकणारे. जर्मनीहून आलेला रॉजर रॉसमायझल, गिब्सन या गिटार कंपनीत थोडे दिवस काढून, इथे लाकूड कोरतोय. गिटारीच्या पुढच्या अंगाच्या कडेलगत बोट फिरवा. एक उथळ खोलगट पन्हळ सगळीकडून फिरते, कड वर उचललेली. तिला ‘जर्मन कार्व्ह’ म्हणतात. तिथेच सेमी मोझली हा तरुण ती कला उचलतो. १९६३ च्या आसपास बेकर्सफील्डमध्ये त्याच्या मोझराइट गिटारींवर तीच पन्हळ येते, आणि अंगाचा आकार बघा: फेंडरची स्ट्रॅटोकास्टर पालथी ठेवून कडेने पेन्सिल फिरवल्यासारखा. तोवर रॉसमायझल स्वतः फेंडरकडे गेलेला असतो.

तिकडे बिग्सबींचा दांडा देशभरातल्या गिटारींवर बसतोय. १९६६ च्या सुरुवातीला बिग्सबींचा हा धंदा विकत घेतात टेड मॅकार्टी. तेव्हा गिब्सनचे अध्यक्षही तेच. आता मिशिगनमधल्या कॅलमझूहून तो दांडा गिब्सनलाही जातो आणि नावासाठी तार ठोकणाऱ्या ग्रेशलाही.