बार्सिलोनाचे हरवलेले चौक

नकाशावरील नगर आणि प्रत्यक्ष उभे राहिलेले नगर यांतील अंतर बार्सिलोनाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पेनमधील हे गिरण्यांचे शहर जुन्या तटबंदीत कोंडलेले होते. आत माणसांची दाटी आणि बाहेर मोकळे रान. परंतु तेथे घरे बांधण्यास लष्कराची मनाई होती. १८५४ साली शहरात पटकीची साथ आली, आणि त्याच वर्षी तट पाडण्यास प्रारंभ झाला.

बाहेरच्या भूमीवर नवी वसाहत आखली ती इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने. कामगारांची राहणी आकडेवारीनिशी तपासलेला हा मनुष्य. उजेड आणि हवा ही चैन नव्हे, हे त्यास पुरते उमगलेले होते. १८५९ साली माद्रिदच्या सरकारने त्याचा आराखडा मंजूर केला. नगरपालिकेची पसंती मात्र दुसऱ्याच आराखड्यास होती. सेर्दाच्या योजनेत सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस होते, त्यांचे कोपरे तिरके छाटलेले, आणि मधून २० मीटर रुंदीचे रस्ते. चौरसाच्या दोनच बाजूंस घरे बांधावयाची व उरलेल्या जागेत बाग करावयाची, अशी त्याची कल्पना. वाड्याचा चौक मराठी माणसास परका नाही. पण तो चौक एका घराण्याचा असे. सेर्दाचा चौक शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि वाटसरूचाही होता.

जमीनमालकांना हा हिशेब मानवणे शक्य नव्हते. चौरस चारही बाजूंनी बंद झाले, मजल्यांवर मजले चढले, आणि आतल्या बागांच्या जागी कारखाने, वखारी व पुढे मोटारींचे तळ आले. दोष केवळ लोभाचा नव्हे. बांधकामाचे नियमच वेळोवेळी सैल करण्यात आले, आणि एका चौरसातील बांधकाम मूळ योजनेच्या चौपटीहूनही अधिक वाढले.

१९७९ साली लोकनिर्वाचित नगरपालिका आल्यावर या चौकांकडे पुन्हा लक्ष गेले. पुढील दशकात एका जुन्या जलमनोऱ्याभोवतीचे आवार खुले झाले. याच वस्तीला पाणी पुरविण्यासाठी तो मनोरा बांधलेला होता. आता त्याच्या पायथ्याच्या उथळ तळ्यात उन्हाळ्यात मुले डुंबतात. १९९६ साली या कामासाठी ‘प्रोएशाम्प्ला’ ही संस्था स्थापन झाली. प्रत्येक रहिवाशास घरापासून २०० मीटरच्या आत एक बाग मिळावी, म्हणजे दर नऊ चौरसांमागे एक चौक मोकळा व्हावा, असे तिचे माप होते. सारेच परत मिळवू म्हणणाऱ्याच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही. हे माप त्यामानाने शहाणपणाचे होते. चाळिसांहून अधिक चौक अशा रीतीने मोकळे झाले.

मार्ग सौद्याचा होता. कारखाना बंद पडला की मालकास नव्या बांधकामाची वा भूमिगत वाहनतळाची परवानगी द्यावयाची आणि मोबदल्यात वरची जागा नगराने घ्यावयाची. त्यामुळे कित्येक बागा वाहनतळाच्या छतावर आहेत. तेथे माती बेताची, म्हणून मोठे वृक्ष वाढत नाहीत. सेर्दाने कल्पिलेली सावली ती ही नव्हे. शिवाय अनेक बागांची वाट जुन्या इमारतीखालच्या बोळातून जाते, आणि वरच्या बिऱ्हाडांना झोप मिळावी म्हणून सायंकाळी तिचे फाटक बंद होते.