करिंथचे दगड आणि करिंथची पत्रे

प्राचीन नगरांची ओळख आपणांस दोन साक्षीदारांकडून होते. एक दगड आणि दुसरे लिखाण. बहुतेक नगरांच्या बाबतीत यांपैकी एकच साक्षीदार बोलतो. ग्रीस देशातील करिंथ नगरीचे भाग्य असे की, तिच्याविषयी दोघेही बोलतात. परंतु दोघांचा सूर अगदी निराळा आहे. दगड नगरीचा गौरव गातात, तर लिखाण त्याच नगरीतील एका लहानशा समाजाचे दोष सांगते. संत पौलांच्या पाऊलखुणांचा मागोवा घेत ग्रीसला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या कार्यक्रमात अथेन्सहून एका दिवसात होणारी करिंथची सहल बहुधा असतेच. काही भाविकांसमवेत आम्हीही ती केली. त्या एका दिवसात काय दिसते आणि जे दिसते त्याचा अर्थ कसा लावावा, याविषयी येथे थोडे लिहीत आहोत.

अथेन्सपासून प्राचीन करिंथ सुमारे ८० किलोमीटर आहे. पहिला मुक्काम होतो तो कालव्यावरील पुलापाशी. उत्तर ग्रीस आणि दक्षिणेचा पेलोपोनेस द्वीपकल्प यांना जोडणारी भूमी येथे इतकी चिंचोळी आहे की, पूर्वेचा समुद्र आणि पश्चिमेचे आखात यांमध्ये जेमतेम सहा किलोमीटरांचे अंतर उरते. दक्षिणेकडील मालेया भूशिराला वळसा घालणे प्राचीन खलाशांना धोक्याचे वाटे. म्हणून इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास येथे दगडी फरसबंदीचा मार्ग बांधण्यात आला आणि त्यावरून माल व लहान जहाजे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर ओढून नेण्यात येऊ लागली. सम्राट नीरोने इ. स. ६७ मध्ये कालवा खणण्यास आरंभ केला. त्या कामासाठी ज्यू युद्धातील सहा हजार कैदी पाठविण्यात आल्याचे इतिहासकार जोसिफस सांगतो. नीरोच्या मृत्यूनंतर ते काम थांबले. आज आपण पाहतो तो कालवा १८८२ ते १८९३ या काळात पूर्ण झाला. पुलावरून खाली पाहिले की, दोन्ही बाजूंचे सुमारे ८० मीटर उंचीचे सरळसोट कडे आणि तळाशी निळ्या पाण्याची अरुंद पट्टी दिसते. करिंथ श्रीमंत का झाले, हे या एका दृश्यावरून उमगते. दोन समुद्रांवरील दोन बंदरे ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापार.

येथून बस प्राचीन नगरीकडे वळते. आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते, ती ही की करिंथ एक नसून दोन आहेत. जुने ग्रीक करिंथ इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियस याने उद्ध्वस्त केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तेथे नगर म्हणावे असे काही राहिले नाही. इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने तेथे नवी रोमन वसाहत स्थापन केली. तिच्यात आणून वसविलेल्या लोकांत दास्यातून मुक्त झालेल्यांचा भरणा मोठा होता. संत पौल ज्या करिंथमध्ये आले ते हे दुसरे करिंथ. तेथे फारशा कोणास पिढ्यान्‌पिढ्यांचे घराणे नव्हते, म्हणून मान मिळवायचा तो पैशाने आणि पैसा मिळवायचा तो व्यापाराने, अशी रीत पडली. तुमच्यापैकी कुलीन फारसे कोणी नाहीत, हे संत पौलांनी त्या लोकांना लिहिले, त्यामागे असे हे वास्तव आहे.

अवशेषांत प्रथम नजरेत भरते ते अपोलोचे मंदिर. त्याचे सात स्तंभ अजून उभे आहेत. हे मंदिर जुन्या करिंथचे, इ. स. पू. सहाव्या शतकातील आहे. संत पौलांच्या काळीही ते पुरातनच होते. त्याच्या दक्षिणेस विस्तीर्ण चौक आहे आणि चौकात न्यायासनाचा उंच चौथरा. येथे यात्रेकरूंचे घोळके थांबतात, प्रेषितांची कृत्ये या ग्रंथातील अठराव्या अध्यायाचे वाचन होते. ज्यू पुढाऱ्यांनी संत पौलांना गल्लियो या राज्यपालासमोर आणले. ते तोंड उघडणार तोच हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद आहे, असे सांगून गल्लियोने खटला फेटाळून लावला. ती घटना नेमकी याच चौथऱ्यासमोर घडली असावी, असा अनेक विद्वानांचा कयास आहे. मध्ययुगात या चौथऱ्यावर एक चर्चही उभे होते.

परंतु गल्लियो हा खरोखर तेथे राज्यपाल होता आणि अमुक काळी होता, हे सांगणारा दगड करिंथमध्ये नाही. तो सापडला दूर डेल्फी येथे, अपोलोच्या प्रसिद्ध देवस्थानात. सम्राट क्लौद्याने डेल्फीच्या घटत्या लोकवस्तीविषयी लिहिलेले पत्र तेथे दगडावर कोरले होते. त्याचे फुटलेले तुकडे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशात आले. त्यात सम्राटाने गल्लियोचा आपला मित्र व राज्यपाल म्हणून उल्लेख केला आहे, आणि सम्राटाच्या सव्विसाव्या विजयघोषाचा निर्देशही त्यात आहे. त्यावरून ते पत्र इ. स. ५२ चे ठरते. गल्लियोची कारकीर्द साधारण ५१-५२ ची. म्हणजे दीड वर्षाचा संत पौलांचा मुक्काम इ. स. ५० ते ५२ च्या दरम्यानचा. त्यांच्या जीवनातील इतर घटनांच्या तारखा विद्वान याच एका खुंटीला टांगतात. ज्या दगडावर एकाही ख्रिस्ती माणसाचे नाव नाही, त्यानेच ख्रिस्ती इतिहासाला तारीख दिली!

चौकालगतच्या संग्रहालयात व परिसरात आणखी काही दगड आहेत. ‘इब्री लोकांचे सभास्थान’ असा अर्थ लागणारा एक तुटका शिलालेख आहे. तो पाहताच, संत पौलांनी येथेच प्रवचन केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याची अक्षरे नंतरच्या शतकांतील आहेत. नाट्यगृहाजवळ १९२९ साली सापडलेला लेख त्याहून प्रसिद्ध आहे. एरास्त नावाच्या गृहस्थाने नगरातील अधिकारपद मिळाल्याबद्दल स्वखर्चाने फरसबंदी करून दिली, असे तो लॅटिन भाषेत सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी संत पौलांनी नगराचा खजिनदार एरास्त याचा सलाम कळविला आहे. हा तोच एरास्त का? काही विद्वान होय म्हणतात, तर काही त्या लेखाचा काळच नंतरचा मानतात. जेथे विद्वानांचा निर्णय झालेला नाही, तेथे आपणही निर्णय देऊ नये, हे बरे.

संग्रहालयाच्या एका दालनात मात्र आमची मंडळी आपणहून थबकली. अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या मंदिरात सापडलेले भाजक्या मातीचे हात, पाय, कान तेथे मांडले आहेत. ज्या अवयवाची व्याधी बरी झाली, त्याची प्रतिकृती भाविक देवाला वाहत. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. देह एक, अवयव अनेक, हा संत पौलांचा दृष्टान्त त्यांना हे अवयव पाहून सुचला असावा, असेही काहींनी लिहिले आहे. पण या वस्तू त्यांच्या साडेचारशे वर्षे आधीच्या, जुन्या करिंथच्या आहेत. वेदना आणि कृतज्ञता यांची भाषा मात्र किती जुनी आहे, हे त्या मातीच्या हातांनी आम्हांस शिकविले.

नगरीमागे अक्रोकरिंथ हा सुमारे ५७५ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्यावरील देवीच्या मंदिरात हजाराहून अधिक दासी होत्या, ही गोष्ट प्रवासपुस्तकांतून हमखास आढळते. स्ट्रॅबो या भूगोलकाराने ती लिहिली खरी. परंतु तीही भूतकाळाबद्दल, जुन्या करिंथबद्दल. आजचे अनेक संशोधक तीही अतिशयोक्ती मानतात. तेव्हा तिच्या आधारे संत पौलकालीन करिंथकरांना इतरांहून अधिक पापी ठरविणे न्यायाचे नाही. त्यांचे दोष अन्य नगरांतील, आणि आपल्याही, दोषांसारखेच होते.

आता मुख्य प्रश्न. संत पौलांनी स्थापन केलेल्या त्या पहिल्या ख्रिस्तमंडळीचे काय उरले आहे? अमेरिकन पुरातत्त्वज्ञ १८९६ पासून येथे उत्खनन करीत आले आहेत. त्यांना रस्ते, दुकाने, कारंजी, पुतळे सापडले. पण हे त्या पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांचे, असे निश्चित म्हणता येईल असे काही सापडले नाही. ते कोणाच्या तरी घरात जमत. लेखैयन बंदराजवळच्या भव्य बॅसिलिकेचे अवशेष आहेत, पण ती पाचव्या-सहाव्या शतकातील. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू बनविणाऱ्या दांपत्याचे नाव कोणत्याही फरशीवर कोरलेले नाही.

त्यांचे उरले आहे ते पत्रांत. आणि त्या पत्रांत काय आहे? मी पौलाचा, मी अपोल्लोसचा, मी केफाचा असे तट पडल्याची तक्रार. भाऊ भावाला न्यायालयात खेचतो, याची लाज. प्रभुभोजनाच्या वेळी एक पोटभर खातो आणि दुसरा उपाशी राहतो, याचा संताप. मांसबाजारातील मांस खावे की नाही, याचा वाद. प्रीतीविषयीचा तो सुप्रसिद्ध तेरावा अध्याय आपण विवाहप्रसंगी वाचतो. पण तो लिहिला गेला भांडणाऱ्या धर्मग्रामासाठी, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

करिंथचे पूर्वेकडील बंदर किंख्रिया आज समुद्रकाठी अर्धे पाण्यात आहे. तेथून संत पौल सिरियाकडे निघाले. तेथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस त्यांनी रोमकरांकडे केली. तिच्याविषयीही दगड मुका आहे. दोन ओळींचे लिखाण तेवढे बोलते.

पुढची हकीकत या सहलीत सहसा सांगितली जात नाही. इ. स. ९६ च्या सुमारास करिंथच्या मंडळीत पुन्हा तंटा झाला. काहींनी आपल्या वडीलधाऱ्या धर्मसेवकांना पदावरून दूर केले. तेव्हा रोमच्या ख्रिस्तसभेने त्यांना दीर्घ पत्र पाठवून समजावले. ते संत क्लेमेंट यांचे पत्र म्हणून ओळखले जाते. इ. स. १७० च्या सुमारास करिंथचे बिशप दियोनिसियस यांनी रोमला कळविले की, क्लेमेंट यांचे ते पत्र आम्ही अजून वाचतो आणि त्यातून बोध घेतो. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांना ज्या पत्राने कानपिचक्या दिल्या, ते पत्र नातवंडे उपासनेत ऐकत होती!

आम्हांस वाटते, करिंथमध्ये पाहण्यासारखे सर्वांत मोठे आश्चर्य हेच आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एरास्ताने आपल्या दातृत्वाची अक्षरे धातूने मढविली. ती धातू कधीच नाहीशी झाली, दगडात खाचा तेवढ्या उरल्या. ख्रिस्तमंडळीने आपल्या उणिवा सांगणारी पत्रे जाळून टाकली नाहीत, उलट नकला करून इतर गावांना दिली. म्हणूनच आज जग त्या मंडळीला ओळखते.

आपल्या धर्मग्रामांची शताब्दी आली की आपण स्मरणिका काढतो. त्यात इमारतींची छायाचित्रे असतात आणि देणगीदारांच्या याद्या असतात. त्यांत वावगे काही नाही. पण वाड्यावाड्यांतील तंटे कसे मिटले, कोणाला पंगतीत दूर बसविले गेले, कोणत्या फादरांनी कोणास सुनावले आणि त्यातून गाव कसे सुधारले, हे कोण लिहून ठेवतो? ज्यांना हे आठवते ती वडीलधारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. वाचकहो, त्यांच्याजवळ बसा आणि हे लिहून घ्या. देणगीदारांची नावे संगमरवरावर आहेतच. गाव कसे घडले हे मात्र लिहिल्यावाचून राहणार नाही.